काडीवरची कोंबडी आणि परतीचं तिकीट

माझा धाकटा दीर मलेशियातून सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत परतीचं तिकीट होतं, आणि माझ्या जावेचं म्हणणं एवढंच होतं की ते वापरलं जाऊ नये. आठ वर्षांत तो तिसऱ्यांदा आला होता. दर खेपेला तो महिनाभर राहायचा, सगळ्यांना चॉकलेटं आणि डोकेदुखीचा मलम वाटायचा, आणि त्याच्या जाण्याच्या आदल्या दिवशी जाऊ न्हाणीघरात नळ सोडून रडायची. नळ सोडला की आवाज बाहेर येत नाही, असा तिचा समज होता. आवाज यायचाच, वर सगळ्या घराची टाकी रिकामी व्हायची.

या खेपेला ती रडण्याच्या आधीच माझ्याकडे आली. मी देवळीत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. कोठीत उभी राहून मी तूरडाळीत किडे झालेत का ते पाहत होते.

"बाई," ती दारातूनच म्हणाली, "या खेपी त्यायले जाऊ द्याचं नाई."

"बरं. मग?"

"मग काय ते तुमी सांगा. तुमची वही काढा."

वही माझ्याजवळ असतेच. पंचाहत्तर मुली, चार स्वयंपाकिणी आणि एक बिघडलेला बोअर सांभाळायचा तर डोक्यावर विसंबून चालत नाही. घरचे लोक माझ्या वहीला हसतात आणि अडलं की तिच्याकडेच येतात. मी वही उघडली आणि लिहिलं: भाऊजी परत का जातात? खाली दोन उत्तरं लिहिली. एक, इथं त्यांना काम नाही. शेती माझा नवरा पाहतो, आणि कापूस-सोयाबीनच्या त्या तुकड्यात दोन माणसं उभी केली तर एकमेकांच्या पायावर पाय पडतील. दोन, तिथं ते कोणीतरी आहेत.

हे दुसरं उत्तर महत्त्वाचं होतं. तिथं तो रस्त्यावरच्या एका नामी गाडीवर कामाला होता. गाडीवर मिळायचं ते साते. म्हणजे कोंबडीचे नाहीतर बोकडाचे अंगठ्याएवढे तुकडे हळद, धणे, गवती चहा आणि साखरेत मुरवायचे, बांबूच्या बारीक काडीत ओवायचे, लांबट अरुंद भट्टीत निखाऱ्यांवर भाजायचे आणि दाण्याच्या घट्ट आमटीत बुडवून खायचे. सोबत काकडी आणि कच्चा कांदा. संध्याकाळ झाली की माणसं रांगा लावतात म्हणे. व्हिडिओ कॉलवर आठ वर्षं आम्ही हेच ऐकत होतो. त्याचा एक फोटो आमच्या बैठकीत फ्रेम करून लावला होता. मागे धूर, पुढे भट्टी, हातात ताडाच्या पानाचा पंखा, अंगात इस्त्रीचा शर्ट. येणारा-जाणारा पाहुणा विचारायचा आणि माझा नवरा सांगायचा, "भाऊ आहे आपला. परदेशात भट्टी सांभाळते."

"भाऊजी जे तिथं करते ते इथं करून दाखवू द्या," मी जावेला म्हटलं. "बाजारात गाडी लावू. चालली तर कायले जाईन?"

तिने एवढ्या पटकन मान हलवली की मला वाटलं, हे तिच्या डोक्यात आधीच होतं. मी लिहून घ्यावं, एवढंच बाकी होतं.

पहिला प्रश्न वारांचा. आमच्याकडे सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार महाराजांचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. रविवारी प्रत्येकाच्या घरीच शिजतं. त्यातून एकादशी, चतुर्थी, श्रावण आणि नवरात्र वजा करा. देवांनी आपसांत वार इतके नीट वाटून घेतलेत की कोंबड्यांनाही आठवड्याला चार सुट्या मिळतात. नशिबाने आमच्या आठवडी बाजाराचा दिवस खाण्याच्या वारात बसत होता. दिराचं विमान तीन आठवड्यांनी होतं. म्हणजे एक बाजार तयारीचा आणि दोन बाजार विक्रीचे. मी तशा तीन रेघा मारल्या.

दिराला सांगितलं तर तो आधी हसला, मग म्हणाला, "वहिनी, तिथला कोयसा वेगळा राह्यते."

"कोळसा मी पाहते."

"काड्या तिथल्यासारख्या नाई भेटत."

"काड्याही पाहते."

"मसाल्याले ते लेमनग्रास..."

"अंगणात नळाखाली काय उगवलं आहे? गवती चहाच ना? चार घरांतून मागून आणीन."

माणूस कामाला टाळाटाळ करायला लागला की मला लगेच कळतं. वसतिगृहाच्या स्वयंपाकिणी सिलिंडर, मीठ, पाहुणे आणि पाठदुखी याच क्रमाने सांगतात. पण मला वाटलं, हा लाजतो आहे. गावात गाडी लावायची म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाला थोडी लाज वाटणारच.

काड्या नाचणगावच्या एका टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्याकडून सोलून आणल्या. माझा नवरा म्हणाला, एवढ्यासाठी पुलगावच्या वाटेला कशाला जायचं, कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या वावरात पडल्या आहेत, त्याच तासू. मी म्हटलं, त्या पऱ्हाटीवर तुम्ही हंगामभर किती फवारण्या केल्या ते मोजून सांगा आणि मग तोंडात घाला. त्यावर त्यांनी विषय सोडला. भट्टी वेल्डिंगवाल्याने छपराच्या जुन्या पत्र्याच्या पन्हाळीतून बनवून दिली. त्याने विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, मलेशियाची चूल. तो म्हणाला, "अशी पन्हाय तं आमच्या म्हशीच्या पान्याले हाय."

तालीम अंगणात झाली.

इथं आमच्या घरचा एक नियम सांगायला हवा. आमच्याकडे मटण घरात शिजत नाही. मागच्या अंगणात लिंबाखाली वेगळी चूल आहे, वेगळी भांडी आहेत, आणि त्या चुलीवर पुरुष शिजवतात. बायकांनी मसाला वाटून उंबरठ्यापर्यंत आणून द्यायचा, उंबरठ्याच्या आतून चौकशा करायच्या आणि ताटात वाढल्यावर पुरुषांपेक्षा जास्त खायचं. चुलीला हात लावायचा नाही. असं का, ते कोणी सांगत नाही. मी लग्न होऊन आल्यावर विचारलं होतं, तर सासूबाई म्हणाल्या, "आयतं भेटते तं कायले विचारतं?" एवढं शहाणपणाचं उत्तर मिळाल्यावर मी पुन्हा विचारलं नाही. गेली वीस वर्षं त्या चुलीचा ताबा माझ्या नवऱ्याकडे आहे. त्यांची तर्री चार घरांत नावाजलेली आहे आणि त्यांना स्वतःला ते आमच्यापेक्षा जरा जास्त माहीत आहे.

तर तालमीच्या दिवशी नवरा खुर्ची टाकून परीक्षक म्हणून बसला. दीर ओट्यावर मांडी घालून काड्या ओवायला बसला, आणि मी वही मिटून नुसती पाहत राहिले. चिमटीत तुकडा, काडीचं टोक, अंगठ्याने हलका दाब, पुढचा तुकडा. मधूनच चरबीचा एक बारीक तुकडा. एकाही काडीचं टोक बोटात नाही, एकही तुकडा वाकडा नाही. तो तिकडे आमच्याशी गप्पा मारत होता आणि हात इकडे आपोआप चालले होते. तासाभरात परात भरली. बाजारात गजरे ओवणाऱ्या बायकांचा हात असा चालतो.

मग तो भट्टीपाशी उभा राहिला आणि दुसराच माणूस झाला. काड्या आगीवर ठेवल्या, पंखा म्हणून पुठ्ठा हलवला, राख उडून काड्यांवर बसली. खोकला, डोळ्यांना पाणी. तो डावीकडे सरकला, धूर डावीकडे. तो उजवीकडे सरकला, धूर उजवीकडे. तेलाचा थेंब निखाऱ्यावर पडून जाळ उठला तेव्हा तो मागे उडी मारून तुळशीला धडकला.

आम्हाला वाढलं. बाहेरून काळं, आतून गुलाबी.

नवऱ्याने एक तुकडा दाताने ओढला, बराच वेळ चघळला आणि विचारलं, "रस्सा?"

"भाऊ, ह्याले रस्सा नसते. दाण्याची चटणी राह्यते."

"गोड लागते."

"साखर टाकतेत न."

"मटनात साखर?" नवरा माझ्याकडे वळला. "आन हे आठ वर्षं लोकायले खाऊ घालून राह्यला. तरी त्यायनं ह्याले परत नाई पाठवलं. चांगले लोक आहेत बाप्पा."

दीर हसला. हसताना त्याने बाहीने डोळे पुसले, आणि तेव्हा मला त्याचे हात दिसले. माझ्या चारही स्वयंपाकिणींच्या मनगटापासून कोपरापर्यंत डाग आहेत. तव्याचे, वाफेचे, तेलाचे. सगळ्यात नवी सहा महिन्यांपूर्वी लागली, तिलाही तीन आहेत. याचे हात लग्नातल्या फोटोसारखे गुळगुळीत होते. बोटांची टोकं मात्र बारीक टोचण्यांनी घट्ट झालेली. मी वहीत लिहिलं: हात? आणि खाली रेघ ओढली.

भांडी घासताना जावेने माझ्याकडे न पाहता विचारलं, "बाई, जो मानूस आठ वर्षं भट्टीवर उभा राह्यला, त्याले धूर कोन्या बाजूनं येते हे माहीत नसन का?"

"नसेल," मी म्हटलं, "जर तो भट्टीवर उभाच राहिला नसेल तर."

तिने पातेलं घासून ठेवलं, घासलेलंच पुन्हा घेतलं आणि पुन्हा घासलं.

मी तिला म्हटलं, विचारायचं का? ती म्हणाली, मी विचारते. मग ती ओट्यावर त्याच्याशेजारी जाऊन बसली, उरलेल्या काड्यांतली एक उचलली आणि तिच्यात तुकडा ओवायचा प्रयत्न करायला लागली. काडी तिच्या बोटात गेली. त्याने तिचा हात धरून दाखवलं, असं नाही, असं. मी परसात बादली विसळत होते. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण बादली मी बरीच विसळली.

"अजी, भट्टीवर कव्हापासून आहा तुमी?"

त्याने तिच्या काडीवरचा तुकडा सरळ केला.

"त्या फोटोत शर्ट इस्त्रीचा आहे. मी चार वर्षं पाहून राह्यली. भट्टीवरच्या मानसाचा शर्ट असा राह्यते का?"

"तो फोटो सुट्टीच्या दिवशी काढला," तो म्हणाला. "भट्टीवाल्याले म्हटलं, जरा पंखा दे."

"मग तुमी काय करत जा?"

"हेच." त्याने काडी वर धरली. "दुपारी लागलं का संध्याकाळपावेतो ओवाच्या. मंग काकडी कापाची."

"आठ वर्षं?"

"आठ वर्षं. पन आता मालकानं सबूद दिला. भट्टीवालं म्हतारं झालं. गेलो का मले भट्टी भेटन." त्याचा आवाज एकदम लहान झाला. "म्हनूनच जातो मी. नाईतं कायले जाऊ? एकदा भट्टीवर उभा राह्यलो का मंग येतो परत. खरंखुरं सांगता येईन सगळ्यायले."

जाऊ हसायला लागली. आधी नाकातून, मग पदर तोंडावर धरून, मग पदरालाही न जुमानता. हसता हसता तिचे डोळे गळायला लागले आणि ती उठून न्हाणीघरात गेली. नळाचा आवाज आला. मी टाकीचा विचार केला आणि मोटर चालू केली.

पुढचा आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही. तो मला येऊन विचारायचा, "वहिनी, नाराज आहे का थे?" मी म्हणायचे, दाणे भाजायचे आहेत, कुटायचे आहेत, आपण बाजाराचं पाहू. बाजार रद्द करायचा की नाही हे मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "यादीत लिहिलं आहे न? मंग होऊ द्या."

गाडी लागली. आमची जागा कांदेवाला आणि चपला शिवणारा यांच्या मध्ये. पुढे पाटी नाही, कारण काय लिहायचं यावर एकमत झालं नाही. आमटी जावेने घरून करून आणली होती. दिराने तिला सांगितलं होतं की त्यात कांदा, लसूण, गवती चहा आणि काय काय असतं. तिने मान हलवली होती. पण दाण्याची आमटी म्हटलं की आमच्या बायकांचा हात एकाच वाटेने जातो. तिने जिरे घातले, हिरवी मिरची घातली, साजूक तुपाची फोडणी दिली, आणि कांदा-लसूण तर सवयीनेच राहून गेलं. दिराने चाखली.

"हे तं एकादशीची आमटी आहे!"

"दाण्याची आमटी दुसरी कोनती राह्यते?" आठवड्यात ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

तेव्हा दुसरी करायला वेळ नव्हता. उपासाची आमटी आणि कोंबडी, असा मलेशियाचा पदार्थ देवळीच्या बाजारात प्रथमच विकायला आला.

माणसं जमली, पण खायला नाही, पाहायला. दिराने काड्या ठेवल्या आणि पुठ्ठा हलवायला लागला.

"काय हाय हे, भाऊ?"

"साते."

"सात काय?"

"नाव आहे, काका. मलेशियाचं आहे. कोंबडी."

"कोंबडी हाय तं मंग एवढी बारीक काऊन केली? आजारी होती का?"

"काडी बी खाची का?"

"रस्सा कुठी आहे?"

"आन ह्याच्यासंगं तिकडं काय घेतेत?" हे विचारणाऱ्याने डोळा बारीक केला होता. आमचा जिल्हा दारूबंदीचा आहे, त्यामुळे हा प्रश्न इथं कोणी मोठ्याने विचारत नाही आणि सगळेच विचारतात.

"काकडी," दीर प्रामाणिकपणे म्हणाला.

तो माणूस निघून गेला.

पहिल्या दहा काड्या एका मास्तरांनी घेतल्या. त्यांनी पहिला तुकडा चावला, थांबले, तो हातात काढला आणि उजेडाकडे धरून पाहिला. "अहो, हिचा जीव आहे अजून," ते म्हणाले आणि पानच परत ठेवून गेले. कांदेवाला मोकळेपणाने हसला. दिराने पुढच्या काड्या जास्त वेळ ठेवल्या, त्यांचा कोळसा झाला. नाचणगावच्या काड्या मधूनच जळून तुटल्या आणि तुकडे निखाऱ्यांत पडले. काड्या रात्रभर पाण्यात भिजवायच्या असतात, हे तो मला सांगायला विसरला होता, आणि मी वहीत लिहायला. यादीत नसलेली गोष्ट होत नाही, हा माझ्या पद्धतीचा एकमेव दोष आहे. धूर त्याच्या डोळ्यांत, माणसं मागे सरकायला लागलेली. मी जावेकडे पाहिलं. ती आमटीच्या पातेल्यामागे उभी होती आणि तिचे हात नुसतेच वळवळत होते. भाकरी करपायला लागली की बाईचे हात दुसऱ्याच्या चुलीपाशीही असेच वळवळतात.

मग तिने पदर खोचला आणि आपल्या नवऱ्याला खांद्याने बाजूला सारलं.

"सरा. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहाव लागते. निखारा असा ढीग नाई कराचा." तिने चिमट्याने निखारे पसरले, एका कडेला दाट, एका कडेला विरळ. वांगी भाजणारी बाई ती. भरिताचं वांगं वरून जळकं आणि आतून लोणी झालं पाहिजे, हे तिला कोणी मलेशियात जाऊन शिकवायची गरज नव्हती. तिने काड्या आधी विरळ बाजूला ठेवल्या, फिरवल्या, गवती चहाची एक जुडी ठेचून तेलात बुडवून वरून मारली, आणि शेवटी पापड शेकावा तशा दाट बाजूला एकदाच टेकवून उचलल्या. पुठ्ठा तिने मागितलाही नाही. कांदेवाल्याचं सूप उचललं.

नेमका तेव्हा माझा नवरा बाजारातून पिशव्या घेऊन आला. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं, म्हणजे यादी तुझी, जबाबदारी तुझी, अशा अर्थाने. "आपल्या घरच्या बाया मटनाच्या चुलीले हात लावत नाई."

"हो," मी म्हटलं. "पण मटण कुठं आहे? कोंबडी आहे."

"एकच थे."

"आणि चूलही नाही. पन्हाळ आहे. वेल्डिंगवाल्याला विचारा."

"लोकं पाह्यून राह्यले."

"लोक खाऊन राहिलेत. जरा बाजूला व्हा, गिऱ्हाइकाला दिसत नाही."

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि जावेने त्यात एक काडी दिली. म्हणजे मोठ्या दिराच्या तोंडात नाही, तेवढी मर्यादा तिने पाळली. माझ्या हातात दिली आणि मी त्यांच्या हातात. त्यांनी चावलं. पुन्हा बराच वेळ चघळलं. त्यांच्या चेहऱ्यावर वीस वर्षांची तर्री आणि ती एक काडी यांचं भांडण चाललं होतं.

"शिजलं आहे," ते शेवटी म्हणाले. आमच्या घरात यापेक्षा मोठी शाबासकी कोणाला मिळालेली मी ऐकलेली नाही. मग ते पिशव्या उचलून निघाले, दोन पावलं जाऊन परत आले आणि अजून तीन काड्या घेऊन गेले.

त्या दिवशी एक म्हातारी हिंगणीकडून मुलीकडे आलेली होती. तिने आमटी चाखली आणि हनुवटीला बोट लावलं. "माय वो, हे तं उपासाची हाय!"

"हो, आजी," मी म्हटलं.

"कोंबडीसंगं?"

"कोंबडीसंगं."

तिने क्षणभर हिशेब केला. "म्हंजे अर्ध पाप," ती म्हणाली आणि अजून एक काडी मागितली.

सगळ्या काड्या खपल्या असं मी म्हणणार नाही. परातीत उरल्या होत्या, त्या वसतिगृहाच्या चौकीदाराने खाल्ल्या. सगळ्यांना आवडलं असंही नाही. रस्सा कुठे, हे शेवटपर्यंत विचारलं गेलं. पण अंधार पडायच्या आत जावेच्या उजव्या मनगटाच्या वर एक लाल चट्टा उठला होता. घरी जाताना ती तो पुन्हा पुन्हा पाहत होती आणि त्यावर काही लावूही देत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने दिराला जाऊ नका म्हणणं बंद केलं. बॅग कपाटावरून काढून तिने स्वतः पुसून ठेवली. त्याला हे जास्त लागलं. तो माझ्याकडे आला.

"वहिनी, थे काऊन काईच नाई म्हनत?"

"काय म्हणायला पाहिजे?"

"जाऊ नका म्हनाले पाह्यजे न."

"आठ वर्षं म्हटलं तिने. तुम्ही ऐकलं नाही. आता तिला काम आहे."

खरं सांगायचं तर मलाही धास्ती वाटत होती. माझ्या मूळ यादीत एकच काम होतं, दिराला थांबवायचं. ते होत नव्हतं, आणि भलतंच काहीतरी होत होतं. जाऊ सकाळी उठून काड्या भिजत घालत होती. नाचणगावला पुन्हा फोन तिनेच केला. आमटी दोन प्रकारची करायची ठरली होती, एक मलेशियाची आणि एक आपली. तो गेला असता तरी गाडी लागली असती. हे मला त्याच्याही आधी कळलं आणि मी वही मिटून ठेवली, कारण यात लिहिण्यासारखं माझं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या बाजाराच्या दिवशी विमानाला चार दिवस होते. गाडी लागली. जाऊ भट्टीवर, वाऱ्याकडे पाठ. दीर मागे पाटावर बसून ओवत होता. मी आमटीवर. गर्दी मागच्यापेक्षा बरी होती. ते मास्तरही आले होते, आणि प्रत्येक तुकडा उजेडाकडे धरून पाहून खात होते.

मध्येच दिराचा फोन वाजला. त्याने स्क्रीन पाहिली आणि उभाच राहिला. मालक होता. एकच गोष्ट चारदा विचारावी तसा तो विचारत होता, असं आवाजावरून वाटलं. दिराने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मग ऐकलं. मग जावेच्या पाठीकडे पाहिलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण काड्या फिरवणारा हात थांबला होता, आणि विरळ बाजूच्या चार काड्या त्यामुळे एका अंगाने जरा जास्त भाजल्या. दीर पुन्हा बोलला, या वेळी थोडंच. फोन खिशात टाकला.

"काय म्हटलं त्यायले?" जाऊ भट्टीकडेच तोंड करून म्हणाली.

"म्हटलं, इथंच काम भेटलं."

"कोनापाशी?"

मी बोलणार होते, पण एका गिऱ्हाइकाने आमटी मागितली.

दीर तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. धुरात. तिने त्याला दंडाला धरून दुसऱ्या बाजूला ओढलं, जिथून वारा येत होता.

"मले भट्टी भेटन का?" त्याने विचारलं. आवाज अगदी हळू होता, मालकाला विचारावा तसा.

तिने आठ काड्या एका मुठीत उचलल्या, निखाऱ्यावर टेकवल्या, पानावर ठेवल्या आणि पान मास्तरांपुढे सरकवलं. मग पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"पयले काकडी कापा," ती म्हणाली. "मंग पाहू."

तो पाटावर बसला आणि काकडी कापायला लागला.